वासिलच्या नावाची वीज

३ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत सूप घेऊन आईकडे गेले, तर घराला कुलूप. ती चर्चच्या तळघरात होती. तिथं बायका विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, गुरुवारी करतात. आज सोमवार. तरी ती तिथं मोठ्या पातेल्याशेजारी खुर्ची ओढून बसली होती, समोर बटाट्यांचा ढीग, आणि तिची चर्चमधली मैत्रीण इरीन हिच्या कुठल्यातरी बोलण्यावर डोळे पुसत हसत होती.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"आधीच सोलून ठेवले तर गुरुवारी घाई होत नाही," आई म्हणाली.

"सोमवारी सोललेले बटाटे गुरुवारपर्यंत काळे पडतील."

"पाण्यात ठेवते ना."

इरीन म्हणाली, "मार्लीन, बस गं. ऊब आहे इथं."

मी बसले नाही. दुकानात परत जायचं होतं. रंगांच्या विभागात आज मी एकटीच होते. सूप आईच्या हातात दिलं, तर तिनं ते तिथल्या सगळ्या बायकांत वाटून टाकलं. मी ते रात्री उभं राहून तिच्यासाठी केलं होतं.

त्या तळघरातल्या बायकांचा मला हेवा वाटतो. शेहेचाळिसाव्या वर्षी हे लिहिताना लाज वाटते, पण ही वही माझी आहे, इथं तरी खरं लिहावं. माझ्याशी बोलताना आई असं हसत नाही. माझ्याशी ती औषधांबद्दल बोलते.

८ फेब्रुवारी

आईनं स्वयंपाकघरात घडीची खाट टाकली आहे. बैठकीच्या खोलीचं दार बंद, खालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी. घरात अंगावर कोट.

"हे काय चाललंय?"

"गुडघे. जिना नको वाटतो."

"म्हणून तर सांगते. नदीकाठच्या त्या इमारतीत लिफ्ट आहे. तुझ्या वयाचीच माणसं आहेत. मी अर्ज भरून ठेवलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला न विचारता?"

"नुसतं यादीत नाव आहे. नंबर लागायला वर्ष जाईल."

"तिथल्या खिडक्या उघडत नाहीत."

"या थंडीत खिडकी कोण उघडतंय?"

"मी," आई म्हणाली आणि चहाचं पाणी ठेवलं.

घरी परतताना गाडीत वाटत राहिलं, की जिना चढवत नाही हे ती स्वतः कबूल करते आहे, मग लिफ्ट का नको? म्हातारपणी माणसं हट्टी होतात. माझं लग्न मोडलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुझ्याकडे राहायला येते. ती म्हणाली होती, तुझं घर तू सांभाळ. तेही मी विसरलेले नाही.

१६ फेब्रुवारी

पायऱ्यांवर बर्फ होता म्हणून आईचं टपाल मीच आत आणलं. त्यात बाबांच्या नावाचं एक पाकीट. वासिल फेदोरचाक. बाबा गेले तरी त्यांच्या नावाचं टपाल अजून येतं, बहुतेक जाहिराती, म्हणून मी ते सहज फोडलं.

विजेचं बिल होतं. आकडा दोनदा वाचला. आईच्या पेन्शनमधून ते भरलं, तर किराणा आणि औषधांना काही उरणार नाही.

"आई, हे काय?"

"वीज."

"इतकी?"

"थंडी आहे."

मग पान उलटलं. तारा आणि मीटर नेहमीच्याच कंपनीचे, पण वीज विकणारी कंपनी दुसरीच, कुठल्या तरी लांबच्या शहरातली. आमच्या राज्यात तसं करता येतं. खांब एकाचे, वीज दुसऱ्याची. मी स्वतः कधी बदललेली नाही. दर माझ्या घरच्या दराच्या तिप्पट. शेजारी बारीक अक्षरात: बदलता.

"ही कंपनी कुणी घेतली?"

आई भाकरीच्या पिठासारखं काहीतरी मळत होती, ती मळतच राहिली. "कोरीनं दिली."

"कोण कोरी?"

"गेल्या वर्षीच्या पवित्र संध्याकाळी आला होता तो."

तेव्हा मला सगळं आठवलं. आमचं चर्च जुन्या पंचांगानं चालतं. आमची ख्रिसमसची पूर्वसंध्या सहा जानेवारीला असते. बाकी जगाच्या हिशेबी तो कामाचा साधा दिवस. दारोदार फिरणारे विक्रेतेही त्या दिवशी फिरतात. आणि आमच्यात त्या संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्त मांडतात, घरातल्या गेलेल्यांसाठी. कुणी अनोळखी माणूस दार वाजवून आला, तर त्याला त्या ताटावर बसवायचं. परत पाठवायचं नाही.

गेल्या वर्षी दुकानात मालमोजणी होती. मला उशीर झाला. पोचले तेव्हा बाबांच्या खुर्चीसमोरच्या ताटात मशरूमच्या सुपाचा तळ उरला होता, आणि आई खूश दिसत होती. "पाहुणा येऊन गेला," म्हणाली. मला वाटलं, मीटर बघणारा असेल. मी गार सूप प्यायले.

तर तो विक्रेता होता. बाबांच्या खुर्चीत बसून त्यानं आईला वीज विकली.

"पहिले तीन महिने स्वस्त होती," आई म्हणाली. "मग बाजाराप्रमाणे. अंड्यांसारखं, म्हणाला. चढतात, उतरतात."

"आणि तू सही केलीस."

"फोनवर हो म्हटलं. किती चांगला मुलगा आहे तो. मला तेता म्हणतो."

आमच्या भाषेत तेता म्हणजे मावशी. तो आमच्यातला नाही. त्याला तो शब्द शिकवला असणार.

१७ फेब्रुवारी

झोप नाही. वीज वाचवायला तिनं खोल्या बंद केल्या आहेत. कोट, खाट, तळघर. गुडघे नाहीत. मी तिला लिफ्ट दाखवत होते.

आणि ती मला सांगण्याऐवजी एक वर्ष गप्प बसली. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? भांडले असते. पण पैसे दिले असते. तिनं इरीनला सांगितलं असेल का? नक्की सांगितलं असेल.

२० फेब्रुवारी

आईच्या फोनजवळ कोरीचं कार्ड चिकटवलेलं आहे. दुकानाच्या मागच्या खोलीतून फोन लावला. मला वाटलं होतं, नंबर बंद असेल. त्यानं उचलला.

"मी मार्लीन. ओल्गा फेदोरचाकची मुलगी."

"अरे, तेताची?" आवाज तरुण, थोडा घोगरा. मागे हवा भरायच्या यंत्राचा आवाज. "बऱ्या आहेत ना त्या? गुडघा कसा आहे? डावा दुखायचा."

मला माहीत नव्हतं कुठला दुखतो. मी म्हटलं, "बरा आहे."

"मी ते काम सोडलं. आता टायरच्या दुकानात आहे."

"तिची वीज तिप्पट झाली आहे, ठाऊक आहे का?"

यंत्राचा आवाज थांबला. "ऑगस्टात त्यांनी फोन केला होता मला. बिल वाढलंय म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, उतरेल. तसंच सांगायला शिकवलं होतं आम्हाला."

"आणखी काय शिकवलं होतं?"

"की 'बदलता' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'बाजाराशी जोडलेला' म्हणायचं. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची नावं घ्यायची नाहीत. 'तुमच्या बिलाबद्दल आलोय' एवढंच. म्हणजे माणसाला वाटतं, नेहमीचीच कंपनी आहे."

"हे तू लिहून देशील?"

"देईन," तो म्हणाला. लगेच. मला वाटलं होतं टाळेल, आणि मला ते हवंही होतं. त्यानं टाळलं असतं तर त्याचा राग करणं सोपं गेलं असतं. "तेतांना सांगा, इथंही सूप मिळतं, पण त्या सुपाची सर नाही."

मी तो निरोप आईला दिला नाही.

२७ फेब्रुवारी

स्क्रँटनला मोफत सल्ला देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत गेलो. आई आली, पण कोटाची बटणं न काढता खुर्चीच्या टोकावर बसली. वकील बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ब्रिजेट लावेल. तिचे केस पिनेनं जेमतेम बांधलेले, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद.

तिनं बिलं बघितली, मग म्हणाली, "हे तुम्हा एकट्यांचं नाही. या हिवाळ्यात या जिल्ह्यातली कितीतरी माणसं हेच कागद घेऊन आली आहेत."

काय करता येईल ते तिनं समजावून दिलं. राज्याच्या वीज आयोगाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. आयोगाचा माणूस मध्यस्थी करतो. तक्रार चालू असेपर्यंत वादातली रक्कम भरली नाही म्हणून वीज तोडता येत नाही. एरवी एक एप्रिलनंतर, थंडी ओसरली की तोडतात. तीच तक्रार राज्याच्या ग्राहक संरक्षण खात्याकडेही द्यावी, म्हणजे कंपनीवर एकत्र कारवाई होऊ शकते. कोर्टात सगळ्यांचा मिळून दावाही चालू होणार आहे म्हणे, पण कराराच्या मागच्या पानावर लिहिलंय की भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. ते कलम टिकेल की नाही यावरच वर्ष जाईल.

"वर्षानं मी कुठं असेन," आई म्हणाली.

"म्हणून आधी आयोग," ब्रिजेट म्हणाली. "बदलता दर घेणं बेकायदा नाही, मिसेस फेदोरचाक. पण तो कशाच्या आधारे बदलतो हे सांगितलं नाही, किंवा खोटं सांगितलं, तर ती फसवणूक. तुम्हाला त्यानं काय सांगितलं होतं?"

"अंड्यांसारखं. बाजार चढला की चढतं, उतरला की उतरतं."

"उतरलं का कधी?"

"अंडी उतरली. सप्टेंबरात डझनाचा भाव पार खाली आला होता. वीज नाही उतरली."

ब्रिजेट हसली आणि ते तसंच्या तसं लिहून घेतलं. "हे मी कुठल्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा चांगलं वापरीन."

आईनं पहिल्यांदा कोटाचं वरचं बटण काढलं. म्हणाली, "पोरी, सफरचंद खाऊन घे. तपकिरी पडतंय."

मला कधी कुणी सफरचंद खाऊन घे म्हटलेलं आठवत नाही. हे लिहितानाच आठवलं, शाळेत असताना रोज म्हणायची. पण तेव्हाची गोष्ट वेगळी.

१४ मार्च

आईच्या घरी एक हीटर मी लावून दिला आणि दोन महिन्यांच्या बिलातली वादात नसलेली रक्कम भरली. तिनं मान हलवली. आभार मानले नाहीत. त्याऐवजी पिरोगीची मोठी पिशवी दिली. गोठवलेल्या. म्हणजे माझ्यासाठी वेगळ्या केलेल्या नाहीत, विक्रीतल्याच.

२५ मार्च

आयोगाकडच्या आमच्या तक्रारीला कंपनीनं उत्तर दिलं. "ग्राहकाच्या पत्नीनं स्वतः संमती दिली, ध्वनिमुद्रण सोबत जोडले आहे." घरोघरच्या विक्रीत फोनवरून त्रयस्थ माणसामार्फत ग्राहकाकडून हो म्हणवून घेतात, त्याची मुद्रणं ठेवतात.

ब्रिजेटच्या कचेरीत ते ऐकलं. आई माझ्या शेजारी होती. जसं आठवतंय तसं लिहिते.

बाईचा आवाज: आपण वासिल फेदोरचाक यांच्या वतीनं बोलताय का?

आई: त्याची बायको.

बाई: ते उपलब्ध आहेत का?

आई: बाहेर गेलाय.

मग मागून काहीतरी. चमच्याचा आवाज. कोरी म्हणतो, "तेता, मीठ कुठंय?" आणि आई त्याला म्हणते, "डावीकडे, बाळा, निळ्या डबीत."

बाई: आपल्याला कळतं ना, की हा दर पहिल्या तीन महिन्यांनंतर बदलू शकतो?

आई: हो, हो.

बाई: आपल्यावर कुणी दबाव आणला आहे का?

आई: नाही. बाई, लवकर करा, फोन मोकळा हवा. माझी मुलगी निघाली असेल. रस्त्यावर बर्फ आहे. ती फोन करेल.

बाई: आणखी तीन प्रश्न आहेत.

आई: हो. हो. तिन्हींना हो.

मुद्रण संपलं.

"बाळा," मी गाडीत म्हटलं. "निळ्या डबीत. मला ती डबी कुठं असते हे विचारावं लागतं, आणि तो बाबांच्या खुर्चीत बसून मीठ घेतो."

आई खिडकीतून बाहेर बघत होती. "तुला विचारावं लागतं कारण तू हल्ली बसत नाहीस," ती म्हणाली.

बाळा. मी तेव्हापासून हाच शब्द चघळते आहे.

२८ मार्च

ब्रिजेटचा फोन. तिला मार्ग सापडलाय. बाबा जाऊन सहा वर्षं होत आली, तरी खातं त्यांच्याच नावावर आहे. खातेदाराच्या किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्या संमतीशिवाय वीजविक्रेता बदलता येत नाही. बाबांनी कुणाला नेमणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या फोनवरचं "हो" चालणार नाही, करार मुळातूनच कच्चा ठरतो. मग दर वाढला की घटला हा प्रश्नच उरत नाही. कंपनीला सगळा फरक परत द्यावा लागेल.

"फक्त," ती म्हणाली, "आईंना आयोगाच्या फोनवर स्वतः सांगावं लागेल की त्यांचे पती तेव्हा हयात नव्हते. आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागेल. नंतर खातं त्यांच्या नावावर होईल."

मी आनंदानं आईकडे गेले. सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"त्याचं नाव काढायचं नाही."

"आई, बिलावरचं नाव आहे. थडग्याच्या दगडावरचं नाही."

"दगड दर महिन्याला माझ्या घरी येत नाही."

"तू थंडीत झोपतेस. खोल्या बंद करून. एका नावासाठी?"

"मी पैसे भरते. माझं मी भरते."

"कशातून?"

"ते मी बघीन."

भांडण झालं. मी म्हटलं, बाबांसाठी तू हे करतेस, माझ्यासाठी काय केलंस? ती म्हणाली, तुझ्यासाठी काय करायचं, तू तर यादीत नावं घालत फिरतेस. मी दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखं बंद केलं.

मला मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो. बाबांचा. बाबा मला आवडायचे. शनिवारी ते मला खाणीच्या जुन्या वाटेनं फिरायला न्यायचे, कोळशाच्या ढिगावर उगवलेली भूर्जाची झाडं दाखवायचे. तरी वाटतं, त्यांच्यासाठी तिच्याजवळ इतकी जागा आहे की आठवणीसाठी ती गारठायला तयार आहे, आणि कोरीसाठी आहे, आणि इरीनसाठी, ब्रिजेटच्या सफरचंदासाठीसुद्धा. माझ्यासाठी राहतात ते निरोप: औषध संपलंय, पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाक.

६ एप्रिल

आठवडा झाला, बोलणं नाही. आज चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर, मी मागे. इरीन माझ्याजवळ आली.

"तुझी आई मला म्हणते, मार्लीनला माझी लाज वाटते."

"मला? कशाची?"

"तिला वाटतं, तिनं चूक केली हे कळलं की तू तिला त्या इमारतीत टाकशील. म्हणून वर्षभर बोलली नाही. मला म्हणायची, घर थंड आहे, तुझ्याकडे बसू का? मी म्हटलं, तळघराची किल्ली माझ्याकडे आहे, सोमवारपासून बटाटे सोल."

"तुला माहीत होतं."

"सगळं नाही. बिल तिनं मलाही दाखवलं नाही."

हे कळल्यावर मला बरं वाटलं, याची मला जास्त लाज वाटली.

घरी आल्यावर ते मुद्रण मनात परत चालू केलं. या वेळी कोरीचा आवाज सोडून दिला. 'फोन मोकळा हवा. ती फोन करेल.' आणि मग तिन्हींना हो.

मी त्या संध्याकाळी फोन केला नव्हता. दुकानातून निघायच्या गडबडीत होते.

ती वाट बघत होती म्हणून तिनं घाईनं हो म्हटलं. कोरी समोर जेवत होता, तरी ती माझी वाट बघत होती.

इथं थांबते.

७ एप्रिल

इमारतीच्या कचेरीत फोन करून आईचं नाव यादीतून काढलं. मग आईकडे गेले. तिनं दार उघडलं, आणि मी म्हटलं, "काढलं नाव."

"कुठलं?"

"तुझं. यादीतून."

ती बाजूला सरली. मी आत गेले, बसले. कोटाची सगळी बटणं काढली. तिनं काही विचारलं नाही, मशरूमचं सूप गरम केलं. पवित्र संध्याकाळीच करायचं सूप, एप्रिलात. मीठ कमी होतं. निळी डबी कुठं आहे ते मी विचारलं नाही, चार कप्पे उघडले आणि शोधून काढली. ती बघत होती.

"वासिल हसला असता," ती म्हणाली. "चुकीच्या कप्प्यात बघते, म्हणाला असता."

मग चमचा खाली ठेवून: "मला वाटतं, बिल येतं ना त्याच्या नावावर, तर म्हणजे अजून कुणीतरी त्याला ओळखतं. मी एकटीच नाही."

"मीही ओळखते," मी म्हटलं.

"तू कधी बोलत नाहीस त्याच्याबद्दल."

हे खरं आहे. मला वाटायचं, बोलले तर तिला त्रास होईल. भूर्जांची गोष्ट तिला सांगितली. तिला ती ठाऊकच नव्हती. कोळशाच्या ढिगावर न्यायचा का तुला, म्हणाली, इतकी वर्षं मी कपड्यांना काळं कसं लागतं ते शोधत होते.

२ मे

आयोगाची मध्यस्थी फोनवर झाली. आईच्या स्वयंपाकघरात, आमच्या मधोमध फोन स्पीकरवर. ब्रिजेट आली होती. आईनं तिला आधी खायला घातलं.

आयोगाची बाई, कंपनीचा माणूस, आणि आम्ही. कोरीचं लेखी निवेदन ब्रिजेटनं आधीच पाठवलं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, विक्रेत्यानं काही चुकीचं केलं असेल तर ती त्याची वैयक्तिक बाब, कंपनीचं धोरण नाही. दर बाजाराप्रमाणेच आहे. शिवाय मुद्रणात संमती स्पष्ट आहे.

"मुलावर ढकलू नका," आई मध्येच म्हणाली. "त्याला तुम्हीच शिकवलं."

आयोगाच्या बाईनं विचारलं, "मिसेस फेदोरचाक, आपण त्या दिवशी फोनवर म्हणालात की पती बाहेर गेलेत. ते कुठं होते?"

आईनं टेबलावरचं पुसलेलं ताट उगाच पुन्हा पुसलं. मी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, डाव्या.

"तो गेला होता," आई म्हणाली. "म्हणजे मेला होता. आधीच."

"मग आपण तसं का नाही सांगितलं?"

"त्या संध्याकाळी तसं म्हणत नाहीत, बाई. त्याचं ताट मांडलेलं असतं."

दुसऱ्या टोकाला कागद हलवल्याचा आवाज, आणि कंपनीच्या माणसाचा वेगळाच स्वर. कंपनी करार रद्द करायला तयार आहे, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासूनची रक्कम नेहमीच्या दरानं पुन्हा आकारून फरक परत देईल. ब्रिजेटनं ते लेखी मागितलं, आणि हेही स्पष्ट केलं की ग्राहक संरक्षण खात्याकडची तक्रार मागं घेतली जाणार नाही. आईनं मान हलवली, जरा जोरातच.

मग नवं खातं. आयोगाच्या बाईनं मीटरच्या कंपनीलाच फोनवर जोडून दिलं. नाव ओल्गा फेदोरचाक. मृत्यूचा दाखला मी पाठवीन म्हणून सांगितलं.

"खात्यावर आणखी कुणाचं नाव टाकायचं आहे का? काही अडचण आली तर संपर्कासाठी."

"मार्लीन," आई म्हणाली. "माझी मुलगी."

"त्या आपल्या वतीनं निर्णय घेऊ शकतात का?"

मला हो हवं होतं, हे इथं लिहून ठेवते.

"नाही," आई म्हणाली. "निर्णय मी घेणार. पण तिला विचारल्याशिवाय घेणार नाही. असं लिहिता येतं का?"

"असा रकाना नाही," ती बाई म्हणाली.

"मग नुसतं मुलगी लिहा."

ब्रिजेट जाताना आईनं तिला मिठी मारली, बीटाच्या झणझणीत लोणच्याची बाटली दिली. ती बाटली मला कधी मिळालेली नाही, आणि ते पाहून आत काहीतरी टोचलंच. मी भांडी धुवायला घेतली.

आई बैठकीच्या खोलीचं दार उघडायला गेली. फटीतला टॉवेल घट्ट बसला होता, तिच्यानं निघेना.

"मार्लीन," तिनं हाक मारली. "इकडे ये. मला एकटीला जमत नाही."

मी हात न पुसताच गेले.